घराण्याचे डोळे

आमच्या घरात डोळ्यांचं फार कौतुक. बुबुळांचं नव्हे, ती चारचौघांसारखी काळीच आहेत. कौतुक बुबुळाभोवतीच्या पांढऱ्या भागाचं. आमच्यात तो पांढरा नसतो. नीळ दिलेल्या सदऱ्यासारखी त्यात निळसर झाक असते. वडिलांचे डोळे तसे होते, विंचूरच्या आत्याचे आहेत, माझे आहेत आणि धाकट्या भावाचेही. आई बाहेरून आलेली, तिचे साधे. सोयरीक जमवताना हे डोळे निम्मं काम परस्पर उरकून टाकायचे. भावासाठी घरची माणसं मुलगी बघायला गेली, तेव्हा मुलीच्या आजीने त्याची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला आणि म्हणाली, "पोराचे डोळे लय पानीदार हाय." लग्न तिथेच ठरल्यात जमा होतं.

या डोळ्यांना दृष्ट लागते, आणि दृष्टीमुळेच आमची हाडं मोडतात, अशी आत्याची पक्की समजूत. माझी मांडी पहिल्यांदा मोडली ती मी रांगत होते तेव्हा. पुढे काय काय आणि किती वेळा मोडलं, ते आईनेही मोजायचं सोडून दिलं. प्रत्येक वेळी प्लास्टर वाळायच्या आत आत्या मीठ, मोहऱ्या आणि मिरच्या घेऊन विंचूरहून हजर. ओवाळून मिरच्या चुलीत टाकायची आणि ठसका आला नाही की म्हणायची, "बघ, केवढी दृष्ट व्हती." डोळे आणि हाडं यांचा काहीतरी संबंध आहे, हे आमच्या घरातल्या बायकांना फार आधीच कळलं होतं. फक्त ते कळलं होतं उलटं.

बाहेरच्यांसाठी मात्र उत्तर वेगळं होतं. माझे दोन्ही पाय धनुष्यासारखे वाकलेले, उंची शाळकरी मुलीएवढी, कुबडीशिवाय चालता येत नाही. लोक विचारायचेच. आई सांगायची, "पोलिओ." आमच्या लहानपणी गल्लोगल्ली एखादं पोलिओचं मूल असायचं, त्यामुळे पुढे कोणी खोदून विचारत नसे. शिवाय पोलिओ वंशात उतरत नाही, आणि घरात लग्नाचा मुलगा असला की ही गोष्ट फार कामाला येते. भावाच्या सासरची माणसं आमचं घर बघायला आली, तेव्हा मला आधीच खुर्चीत बसवून ठेवलं होतं. मुलीच्या वडिलांची नजर माझ्या पायांवर गेली मात्र, आईने चहा पुढे करता करता म्हणून टाकलं, "लहानपणी पोलिओ झाला तिला." ते हळहळले आणि त्यांनी चहा घेतला.

नाशिक रोडच्या एका शाळेत मी गणित शिकवते. मागे दोन जादा चाकं लावलेली स्कूटर आहे, तिच्यावरून जाते-येते. आई, भाऊ, भावजय आणि मी एकाच घरात राहतो. मला राग लवकर येतो, हे शाळेत मुलांना माहीत आहे आणि घरी सगळ्यांना.

गेल्या वर्षी भाऊ पिण्याच्या पाण्याचा जार उचलून स्टँडवर ठेवत होता. रोजचंच काम. जार जागेवर बसला आणि त्याचं मनगट मोडलं. भावजयीला तेव्हा तिसरा महिना लागलेला. तरी ती त्याच्याबरोबर हाडांच्या डॉक्टरांकडे गेली. तरुण डॉक्टर होते. त्यांनी एक्स-रे पाहिला, मग भावाला मान वर करायला सांगून त्याच्या डोळ्यांत बराच वेळ बघत राहिले. घरात अजून कोणाचे डोळे असे आहेत का, कोणाची हाडं सारखी मोडतात का, कोणाला चाळिशीच्या आतच कमी ऐकू यायला लागलं का, असं विचारलं. भावजय म्हणाली, "आत्याबाईंना फार कमी ऐकू येतं. आणि ताईंची हाडं मोडतात, पण त्यांना पोलिओ आहे."

"त्यांचे डोळे कसे आहेत?" डॉक्टरांनी विचारलं. भावजयीने भावाकडे बोट दाखवलं. "मग तो पोलिओ नाही," डॉक्टर म्हणाले.

संध्याकाळी ती माझ्या खोलीत आली आणि तिने दार लोटलं.

"ताई, तुम्हाला पोलिओ झाला होता?"

"नाही."

"आईंना माहीत होतं?"

"हो."

"आणि ह्यांना?"

"तोही याच घरात वाढला."

ती पलंगाच्या कडेवर बसली. रडली नाही, ओरडली नाही. मी काहीतरी बोलावं म्हणून वाट पाहत असावी.  मग ती उठून कुकर लावायला गेली, आणि त्या दिवसापासून आईशी कामापुरतंच बोलायला लागली.

मुंबईहून आठवड्यातून एकदा येणाऱ्या एका डॉक्टरीणबाईंचं नाव आम्हाला सुचवलं गेलं. त्या वंशात चालत येणारे आजार बघतात. द्वारका चौकापलीकडच्या एका हॉस्पिटलमध्ये त्या बसत. पहिल्या खेपेला आम्ही सगळेच गेलो. बाई शांत, स्वच्छ मराठीत बोलणाऱ्या. त्या म्हणाल्या, हाड म्हणजे नुसतं कॅल्शियम नव्हे. सिमेंटमध्ये सळई असते तसं हाडात एक प्रथिन असतं. ते प्रथिन कसं घडवायचं याचा आराखडा जनुकात असतो, आणि त्या आराखड्यात चूक असली की सळया कच्च्या निघतात. डोळ्याचा पांढरा पडदाही त्याच प्रथिनाचा. तो पातळ झाला की आतला रंग बाहेर दिसतो. आई हे ऐकताना पदराने चष्मा पुसत होती. इतकी वर्षं ज्याचं कौतुक केलं ते काय होतं, हे तिला तिथे त्या प्लास्टिकच्या खुर्चीवर समजत होतं, आणि मला तिची दया येण्याऐवजी रागच आला.

भावाचं रक्त तपासायला गेलं. रिपोर्ट यायला चौथा महिना सरत आला, आणि आला तोही धड नाही. त्याच्या जनुकात एक बदल सापडला होता, पण तो बदल आजवर कोणात नोंदवलेला नव्हता. हाच आजाराचं कारण आहे की नुसताच तिथे आहे, हे बाईंना सांगता येईना. माणसामाणसात असे निरुपद्रवी बदल पुष्कळ असतात, त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या.

"तुमचं रक्त मिळालं तर फार मदत होईल. आत्याबाईंचंही घेऊ, पण तुमचा आजार सगळ्यांत ठळक आहे. तोच बदल तुमच्यातही निघाला, तर आम्हाला खात्रीने बोलता येईल. मग पोटातलं थोडं पाणी काढून बाळात तो आहे का, ते बघता येईल. तोपर्यंत सुई घालण्यात अर्थ नाही."

"आणि बाळात असला तर?" आईने विचारलं.

"प्रत्येक मुलात उतरायची शक्यता निम्मी. असला तर पुढे काय, ते आईवडिलांनी ठरवायचं. कायद्याने मुदत आहे, साडेपाच महिन्यांच्या आत ठरवावं लागेल."

ठरवायचं म्हणजे काय, हे तिथे कोणाला विचारावं लागलं नाही. मी एकच विचारलं. बाळात बदल असला, तर ते भावासारखं होईल की माझ्यासारखं? बाई म्हणाल्या, ते सांगता येत नाही. एकाच घरात, एकाच बदलाने एखाद्याचं आयुष्यात दोनदा मोडतं आणि एखाद्याचं सारखं मोडतं. असं का, ते अजून नीट कळलेलं नाही.

घरी आल्यावर भावाने विषय काढला. स्वयंपाकघरात आम्ही दोघंच होतो. त्याचं प्लास्टर निघालं होतं आणि तो मनगट चोळत होता.

"ताई, या शनिवारी रक्त देऊन येऊ या का?"

"कशासाठी?"

"तुला माहीत आहे कशासाठी."

"तुझ्या तोंडून ऐकू दे."

त्याने मनगट चोळणं थांबवलं. मग म्हणाला, "माझ्या मुलाने तुझ्यासारखे दिवस काढायला नकोत."

"माझे दिवस कसे होते, ते तुला काय माहीत? तू बघत होतास. काढले मी."

"म्हणूनच म्हणतो. बघवत नव्हतं."

"म्हणजे त्रास तुला होत होता." माझा आवाज चढला. "आणि तुझ्यात काय आहे? तोच बदल आहे ना? उद्या तुझ्यासारखं मूल असलं, जे धावेल, नोकरी करेल, लग्न करेल, तर तेही नको?"

 मी सांगितलं की मी रक्त देणार नाही, आणि कुबडी आपटत खोलीत गेले.

सरळ सांगायचं तर मला घराबाहेर काढल्यासारखं वाटलं. माझ्यासारखं माणूस पुन्हा या घरात येऊ नये याची सोय करायची, आणि त्यासाठी रक्तही माझंच हवं. माझ्या जागी दुसरं कोणी असतं तरी भडकलं असतं, अशी मी स्वतःची समजूत घालत होते. पुढच्या काही दिवसांत घरात ताट-वाटीचा आवाज तेवढा ऐकू यायचा. भावजय रोज कॅलेंडरसमोर उभी राहायची. तारखांवर बोट ठेवून ती आठवडे मोजताना मी पाहत होते, आणि तरीही रक्त द्यायचं नाव काढत नव्हते.

मध्येच आत्या आली. तिला रक्ताचं कळलं होतं आणि तिची काही हरकत नव्हती. तिने दवाखान्यात जाऊन हात पुढे करून रक्त दिलंही. येताना मिरच्या-मोहऱ्या आणल्या होत्या, त्या भावजयीवरून ओवाळल्या. मग माझ्याशेजारी बसून, ऐकू येत नसलेल्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाली, "पोरगा का पोरगी ते नाय सांगत म्हनं, आन् हाडं सांगत्यात. काय कायदा हाय." आतल्या खोलीत भावजयीला हे ऐकू गेलं असणार. एरवी मी पोट धरून हसले असते. त्या दिवशी आत्याला मी नुसतं पाणी आणून दिलं.

त्याच आठवड्यात मधल्या सुट्टीत शिपाई सांगायला आला की बाहेर कोणीतरी आलंय. भावजय होती. ती माझ्या शाळेत याआधी कधी आली नव्हती. मैदानाच्या कडेच्या बाकावर आम्ही बसलो. समोर मुलं एकमेकांना ढकलत, पडत, पुन्हा उठत खेळत होती. कोणाचंही काही मोडत नव्हतं.

"ताई, दुखतं किती?" तिने विचारलं. "खरं सांगा. मला सगळे बरं वाटेल असंच सांगतात."

मी खरं सांगितलं. मोडताना आधी आवाज येतो, दुखणं मागून येतं. त्या दोघांच्या मधला जो क्षण असतो त्यात आपल्याला सगळं कळलेलं असतं, आणि तो सर्वांत वाईट. लहानपणी मला उचलणारं प्रत्येक माणूस घाबरलेलं असायचं, आणि ती भीती त्यांच्या हातांतून माझ्यात यायची. आठवी मी जवळजवळ सगळी पलंगावर केली.

"आणि बाकीचे दिवस?"

"बाकीचे दिवस मी वह्या तपासते, पोरांवर ओरडते, जेवते, झोपते. तुझ्यासारखेच."

तिने मान हलवली. मग माझ्याकडे न बघता बोलायला लागली.

"मी ह्यांना होकार दिला तो आजीच्या सांगण्यावरून नाही. मलाही ते डोळे आवडले होते. आजही आवडतात. कोणी मला आधी खरं सांगितलं असतं, तरी मी हो म्हटलं असतं की नाही, ते मला माहीत नाही. पण मला विचारलंच नाही कोणी. एकदा तुमच्या घराने मला खोटं सांगितलं. आता खरं काय ते तुमच्या हातात आहे, आणि तुम्ही ते देत नाही. ह्यात आणि त्यात फरक काय, ताई?"

 घंटा झाली. मुलं रांगेत उभी राहायला पळाली आणि मी तिला म्हटलं, "बाळात असलं, तर तू काय करणार?"

"माहीत नाही. पण न कळता बसणं मला जमणार नाही."

शनिवारी मी गेले. भाऊ रिक्षा करू म्हणाला. मी नको म्हटलं आणि माझ्या स्कूटरवरून निघाले. द्वारका चौकात नेहमीसारखी गर्दी. एका बाजूने ट्रक, दुसऱ्या बाजूने सिटी बस, मागे हॉर्न. तिथून जाताना मी कायम खड्ड्यांकडे बघत जाते, कारण एखादा चुकला तर कंबरेतलं काय मोडेल सांगता येत नाही. त्या दिवशी एका खड्ड्यात चाक गेलंच. मी हँडल घट्ट धरून आवाज येतोय का, याची वाट पाहिली. आला नाही. माझ्या लक्षात आलं की त्या क्षणीसुद्धा मी देवाला म्हणत होते, आज नको, आज मला पोचायचं आहे. रक्त घेणाऱ्या मुलीला मी सांगितलं की दंडाला पट्टा फार आवळू नकोस. तिने पट्टा सैल ठेवला आणि काम दोन मिनिटांत झालं.

बदल तोच निघाला. माझ्यात होता, आत्यात होता. बाईंनी माझे आभार मानले, तुमच्यामुळे खात्री झाली म्हणाल्या.  लगेच पोटातलं पाणी काढायची तारीख दिली. ते झालं आणि निकालाची वाट बघणं सुरू झालं. पाचवा महिना सरला होता. भावजय पडून असायची, भाऊ ऑफिसातून दुपारी फोन करायचा, आणि घरात बाळाविषयी कोणी शब्द काढत नव्हतं. नाव नाही, झबलं नाही, काहीच नाही. हलतंय का, असंही विचारत नव्हते. हलत असणार, ती मधूनच बोलायची थांबायची.

एका दुपारी आई मेथी निवडत बसली होती. मी समोर बसले.

"आई, तुला कोणी आधी सांगितलं असतं, मी अशी होणार म्हणून, तर तू काय केलं असतंस?"

तिचे हात थांबले नाहीत. मला वाटलं ती टाळणार. तिला टाळता येतं, पोलिओ तिनेच शोधून काढला होता.

"नको म्हटलं असतं," ती म्हणाली.

मी समोर पडलेली एक काडी उचलली.

"तू खोटं बोलते म्हणतेस ना मला, म्हणून खरं सांगते. वीस वर्षांची होते मी. सासूबाई, तुझे वडील, सगळे काय म्हणतील ते करणारी. नको म्हटलं असतं आणि माहेरी जाऊन दोन दिवस रडले असते." तिने काड्या बाजूला सारल्या. "पण तुला मांडीवर घेतल्यानंतर कोणी तसं म्हणालं असतं, तर त्याचे डोळे काढले असते मी."

"तिला कुठे मांडीवर घ्यायला मिळतंय? तिला आधीच ठरवायचं आहे."

"हो," आई म्हणाली. "तेच तर. मला कोणी विचारलं नाही ते किती बरं झालं, हेच मला आठवत राहतं."

मला तिच्या उत्तराने लागलं, आणि तरी इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिच्यावर भरवसा वाटला. दोन्ही एकदमच. मी तिच्या हातातली अर्धी जुडी घेतली आणि निवडायला लागले.

निकालाचा फोन रविवारी सकाळी आला. आम्ही चौघं बाहेरच्या खोलीत होतो. भावाने स्पीकर लावला. गेले कित्येक दिवस मी एका गोष्टीची वाट पाहत होते, आणि ती निकालाची नव्हती. बाळात नाही असं कळलं, तर यांच्या चेहऱ्यावर काय उमटतं, ते मला बघायचं होतं. माझ्यासारखं होणार नाही म्हणून या घराला किती आनंद होतो, ते एकदा समोरासमोर बघून घ्यायचं, आणि मग कायमचं लक्षात ठेवायचं, असं मी ठरवलं होतं. मी मुद्दाम सगळ्यांचे चेहरे दिसतील अशा खुर्चीवर बसले होते.

बाई म्हणाल्या, "बाळात तो बदल नाही."

मी कोणाचाच चेहरा पाहिला नाही. माझे डोळे भरून आले होते आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "सुटलो बाई एकदाचे." मी ते इतक्या मोठ्याने म्हणाले की पलीकडून बाई, "काय म्हणालात?" असं विचारायला लागल्या. मग मला हुंदका आवरेना. खांदे हलायला लागले, मला खरं तर असं रडायची भीती वाटते, बरगडी जाते कधी कधी. तरी थांबेना.

खोलीत बाकी कोणी अजून काही बोललं नव्हतं. भाऊ फोन हातात धरून माझ्याकडे बघत होता. आईसुद्धा. भावजय उठली, सावकाश, पोट सांभाळत, आणि माझ्या खुर्चीशेजारी खाली बसली.

"तुम्हालाही तेच हवं होतं, ताई?" तिने हळू आवाजात विचारलं.

"हो गं," मी म्हटलं. "मलाही."